कोकणातली मालकी रानं आणि कार्बन क्रेडिट, सही करायच्या आधी एवढं बघा

पहिली गोष्ट, रान उभं आहे म्हणून आपोआप पैसे मिळत नाहीत. 1 क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेला 1 टन कार्बन डायऑक्साइड, ते क्रेडिट कंपन्या विकत घेतात, आणि प्रोजेक्ट नसता तर तो टन हवेतच राहिला असता हे दाखवावं लागतं. म्हणून आपल्याकडे त्यातल्या त्यात सोपी ती वरकस जमीन, जिथे आधी नाचणी-वरी व्हायची नि आता नुसतं गवत आहे, तिथे ऐन, किंजळ, खैर, जांभूळ लावायची. पण लागवडीसाठी जुनं रान साफ करू नका हां, क्रेडिट नोंदवणारी व्हेरा नावाची संस्था आहे, तिच्या नियमात मागच्या 10 वर्षांत नैसर्गिक रान तोडलेली जमीन बसतच नाही.

मग सातबारा, खरं काम इथेच आहे. आमच्या सामायिक जमिनीवर 14 नावं, अर्धी मुंबईला, दोन काका वारलेले पण वारसनोंद नाही, दीड वर्ष त्यातच गेलं. त्यामुळे वारसनोंद आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी उरका. इतर हक्कात वनसंज्ञा (सरकारी नोंदीत जमीन वन म्हणून दाखवलेली) किंवा 1975 च्या खाजगी वने कायद्याचा शेरा असेल तर तलाठी आणि वनखातं दोन्हीकडे विचारून घ्या, जमिनीच्या मालकीचाच वाद असेल तर क्रेडिट कोणाचं हा प्रश्न येणारच.

हिशोब असा, झाडाचं सुकं वजन 1 टन असेल तर त्यात साधारण निम्मा कार्बन, त्याला 3.67 ने गुणलं की 1.8 टन कार्बन डायऑक्साइड. आता समजा हेक्टरी वर्षाला 5 क्रेडिट धरली आणि भाव 800 रुपये धरला तर 4000 होतात, त्यातून तपासणीचा खर्च, प्रोजेक्ट चालवणाऱ्या कंपनीचा वाटा आणि वणवा-वादळासाठी राखून ठेवायची क्रेडिट वजा करा. दोन-तीन एकरवाल्याला एकट्याने परवडणार नाही, वाडीतले सगळे मिळून किंवा शेतकरी उत्पादक कंपनी काढूनच जा.

करारात काय बघायचं? वाटा विक्रीच्या रकमेवर की खर्च वजा जाता उरलेल्यावर, हे स्पष्ट लिहून घ्या, इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. करार 30-40 वर्षांचा असू शकतो, मग मधे जमीन विकली तर काय, मेलेली रोपं परत कोण लावणार, जळण-गवत काढता येणार का, हे पण लिहून हवं. पहिले पैसे यायला चार-पाच वर्षं सहज लागतात, आणि कोणी आधी तुमच्याकडेच फी मागितली तर तिथेच थांबा. रजिस्ट्रीची, म्हणजे व्हेरासारख्या क्रेडिट नोंदवणाऱ्या संस्थेची साइट सगळ्यांना उघडी असते, कंपनी सांगते तो प्रोजेक्ट खरंच तिथे आहे का ते मुलांना मोबाईलवर बघायला सांगा.

आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, जानेवारीतच काढा, आमची तीन वर्षांची रोपं मार्चच्या एका वणव्यात एका दुपारी गेली.