सेट-टॉप बॉक्समधून संगणकावर रेकॉर्डिंग: चित्र येतंच, आवाज सांभाळा

केबलची वायर थेट संगणकातल्या टीव्ही ट्यूनर कार्डाला जोडायची आणि हवी ती वाहिनी रेकॉर्ड करायची, हे ॲनालॉग सिग्नल होता तोवर चालायचं. तेव्हा एका फ्रिक्वेन्सीवर एकच वाहिनी असायची आणि तीही उघडी. डिजिटल केबलमध्ये तेवढ्याच जागेत अनेक वाहिन्या दाबून बसवलेल्या असतात. बहुतेक वाहिन्या कुलूपबंद असतात आणि किल्ली सेट-टॉप बॉक्समध्ये असते. म्हणून 'डिजिटल ट्यूनर घ्या, सगळं दिसेल' या सल्ल्याच्या वाटेला जाऊ नका. डीव्हीबी-सी, म्हणजे डिजिटल केबलचा ट्यूनर वाहिन्यांची यादी नावांसकट छान दाखवतो, पण वाहिनी उघडली की पडदा काळा. ज्या मोजक्या वाहिन्या कुलपाविना सोडलेल्या असतात, तेवढ्याच त्यावर रेकॉर्ड होतात.

बाकीच्यांसाठी बॉक्सच्या एव्ही आउटमधून, म्हणजे पिवळ्या-लाल-पांढऱ्या जोडणीतून, चित्र आणि आवाज घ्यायचा आणि यूएसबी कॅप्चर स्टिकने संगणकात आणायचा. एचडीएमआयचा विचार करत असाल तर त्या वायरीवर बहुधा एचडीसीपी या नकलविरोधी कुलपाचं संरक्षण असतं आणि कॅप्चर उपकरणाला काळं चित्रच मिळतं. एव्ही आउटचं चित्र साध्या दर्जाचं असतं. घरी नंतर बघायला ते पुरतं.

जोडणी

तिन्ही रंग आपापल्या रंगात लावा. छोट्या बॉक्सवर तीन छिद्रांऐवजी ३.५ मिमीचं एकच छिद्र असतं, तिथे बॉक्सबरोबर आलेलीच वायर वापरा. चार कड्यांच्या या पिना बाहेरून सारख्या दिसतात, पण आतली जोडणी वेगवेगळी असते. चित्र वर-खाली फिरत असेल आणि आवाजात घरघर असेल, तर तिन्ही टोकं आळीपाळीने स्टिकच्या पिवळ्या छिद्रात लावून पाहा. एकावरही स्थिर चित्र आलं नाही तर अर्थिंगची कडी भलत्या जागी आहे, वायर बदला.

स्टिक यूएसबी हबमध्ये लावू नका, संगणकाच्या थेट पोर्टमध्ये लावा. बॉक्सच्या मेनूत चित्र १६:९ करा आणि ठरावीक तासांनी आपोआप स्टँडबायला जाण्याची सोय बंद करा. हे विसरलात तर अर्ध्या कार्यक्रमानंतर निळा पडदाच रेकॉर्ड होईल.

सॉफ्टवेअर

ओबीएस स्टुडिओ वापरा. फुकट आहे आणि भरवशाचं आहे. त्यात 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' हा सोर्स जोडून स्टिक निवडा. भारतात चालणारी पाल पद्धत असेल तर ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, अमेरिकी एनटीएससी असेल तर ७२० बाय ४८० आणि २९.९७. चित्र आलं नाही तर 'कॉन्फिगर क्रॉसबार' उघडून इनपुट कंपोझिटवर आहे का ते पाहा; पुष्कळदा ते एस-व्हिडिओवर अडकलेलं असतं. चित्र आलं पण रंग नाहीत, तर 'कॉन्फिगर व्हिडिओ'मध्ये पाल-एनटीएससीची निवड चुकलेली असते.

आवाज

इथपर्यंत सगळे पोचतात. दोन तासांचा कार्यक्रम रेकॉर्ड होतो, पहिली दहा मिनिटं बघून 'जमलं' असं वाटतं, आणि शेवटाकडे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'सिंक ऑफसेटमध्ये (आवाज पुढे-मागे सरकवण्याच्या ओबीएसच्या रकान्यात) आकडा घाला.' हा सल्ला निम्म्या वेळा चुकीचा असतो, कारण आवाज न जुळण्याचे आजार दोन आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला आजार ठरावीक अंतराचा. चित्र स्टिकमधून यायला थोडा जास्त वेळ लागतो, आवाज आधी पोचतो, आणि हा फरक सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटी. दुसरा आजार सरकण्याचा, म्हणजे फरक मिनिटागणिक वाढत जातो. पहिल्यावर आकडा घालून इलाज होतो, दुसऱ्यावर कोणताही आकडा चालत नाही.

सरकण्याचं मूळ बहुतेक वेळा दोन घड्याळांत असतं. पिवळी वायर स्टिकमध्ये आणि लाल-पांढरी संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावली, की चित्र स्टिकच्या घड्याळावर चालतं आणि आवाज साउंड कार्डाच्या. दोन्ही घड्याळं स्वतःपुरती बरोबर असतात, पण एकमेकांशी तंतोतंत कधीच जुळत नाहीत. साउंड कार्ड सेकंदाला आवाजाचे ४८,००० ऐवजी ४८,००५ नमुने घेत असेल, तर फरक दहा हजारात एक एवढाच, पण तासाभरात तो ०.३६ सेकंदांच्या वर जातो. आवाज चित्राच्या पाव सेकंद मागे पडला तरी बातमीदाराचं तोंड आणि शब्द वेगळे झालेले कुणालाही कळतात. काही सॉफ्टवेअर हा फरक मधूनमधून सावरून घेतात, पण मग आवाजात बारीक 'टिक' ऐकू येतो.

म्हणून माझा आग्रह एकच: चित्र आणि आवाज दोन्ही एकाच स्टिकमधून घ्या. ज्या स्टिकला आवाजाचं स्वतःचं इनपुट नाही, किंवा जी आवाज यूएसबीवरून न देता वेगळ्या वायरीने साउंड कार्डाकडे पाठवते, ती घेऊच नका. ओबीएसमध्ये सोर्सच्या गुणधर्मांत 'यूज कस्टम ऑडिओ डिव्हाइस'वर खूण करून यादीतून स्टिकचंच नाव निवडा. नाव दिसतं पण आवाज येत नाही, असं झालं तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी पाहा, कारण विंडोज स्टिकच्या आवाजाला मायक्रोफोनच समजतं. संगणकाचा खरा माइक मात्र ओबीएसमध्ये बंद ठेवा, नाहीतर कार्यक्रमात घरातली भांडी वाजतील. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घ्यायचे नमुने, ओबीएसमध्ये आणि विंडोजच्या रेकॉर्डिंग यादीत, दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ.

सरकण्याचं दुसरं कारण म्हणजे गळालेल्या फ्रेम. स्टिकबरोबर सीडीवर मिळणारं सॉफ्टवेअर फ्रेम चुकली की बरेचदा तिची जागा भरत नाही, चित्र तेवढं आखूड होतं. पालमध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे २५ फ्रेम गळाल्या की आवाज पूर्ण एक सेकंद मागे. ती सीडी बाजूला ठेवा.

आता परीक्षा. पाच मिनिटांची चाचणी घेऊन काही कळत नाही, पूर्ण तास रेकॉर्ड करा. मग व्हीएलसी प्लेयरमध्ये पाचव्या मिनिटावर जा आणि जिथे चित्र आणि आवाज एका क्षणाला येतात अशी जागा शोधा: चेंडू बॅटवर आदळतो ती, किंवा टेबलावर हात आपटतो ती. 'के' कळ दाबली की आवाज ५० मिलिसेकंद उशिरा होतो, 'जे' दाबली की तेवढाच आधी. जुळेपर्यंत दाबा, पडद्यावर उमटलेला आकडा लिहून घ्या. हेच पंचावन्नाव्या मिनिटावर करा. दोन्हीकडे 'के'ने १५० आला तर पहिला आजार: ओबीएसच्या 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये सिंक ऑफसेट १५० ठेवा. आकडा 'जे'चा असेल तर तोच उणे चिन्हासह. एकीकडे ५० आणि दुसरीकडे ३५० आला तर ऑफसेटला हात लावू नका, वायर कुठे गेली आहे आणि आवाजाचं उपकरण कोणतं निवडलं आहे ते पुन्हा तपासा.

उरलेली सेटिंग

हलत्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसतात, त्यासाठी सोर्सवर उजवी क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये 'याडिफ २एक्स' निवडा. हालचाल थरथरत असेल तर फील्डचा (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांचा) क्रम उलटा करा. पालमध्ये कॅनव्हास (ओबीएसमधली चित्राची चौकट) १०२४ बाय ५७६ ठेवून चित्र पूर्ण ताणलं की माणसं लंबुळकी दिसत नाहीत.

बिटरेट सेकंदाला ३ मेगाबिट पुरेसा आहे, तासाला साधारण १.४ जीबी होतात. फाइल एमकेव्हीच ठेवा. एमपी४मध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्ही गेल्या क्षणापर्यंतची शाबूत राहते. एमपी४ हवीच असेल तर नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' वापरा, दर्जा जराही उतरत नाही. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, ती आधी एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी नक्कल काढा.

वेळ लावून रेकॉर्ड करायचं तर लक्षात घ्या की वाहिनी संगणक बदलत नाही, बॉक्स बदलतो. बॉक्समध्ये कार्यक्रमाची आठवण लावून आपोआप वाहिनी बदलण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर निघण्यापूर्वी वाहिनी लावून ठेवा. ओबीएस सुरू करण्यासाठी विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये काम नोंदवा आणि 'आर्ग्युमेंट्स'च्या रकान्यात दोन डॅश देऊन इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, 'स्टार्टरेकॉर्डिंग' लिहा. त्याखालच्या 'स्टार्ट इन' रकान्यात ओबीएसची मुख्य फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता भरा. तो रिकामा राहिला तर ओबीएस भाषेची फाइल सापडत नसल्याची तक्रार करून तिथेच थांबतं. रेकॉर्डिंग थांबवण्यासाठी टूल्स मेनूतला 'आउटपुट टाइमर' आहे. त्यात कार्यक्रमाच्या वेळेपेक्षा १० मिनिटं जास्त द्या, आणि संगणक झोपी जाण्याची सोय पॉवर सेटिंगमध्ये बंद करा.