एका कानाचं गेलं? नवीन इअरफोन घ्यायच्या आधी जुना कशानं गेला ते बघा

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात केएमटीत (आमच्या सिटी बसमध्ये) उभ्या उभ्या माझ्या इअरफोनचा डावा कान गेला. खरंतर आधी चार दिवस तो इशारे देतच होता, वायर जरा वाकवली की यायचा, मग पिन अंगठ्यानं दाबून धरली की यायचा, आणि राजारामपुरीत उतरेपर्यंत कायमचाच गेला. आधीचे दोन पण असेच गेलेले, त्याच जागी, पिनेपाशी. तेव्हा डोक्यात उजेड पडला की मी तीन वेळा तेच मरण विकत घेतलंय.

म्हणून आधी पोस्टमॉर्टेम करा. इअरफोन दुसऱ्या फोनला लावून बघा, बऱ्याच वेळा फोनच्या भोकात खिशातला कचरा जाऊन बसलेला असतो आणि पिन पूर्ण आतच जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढा, सुई बिई घालू नका. दुसऱ्या फोनवर पण तेच झालं तर मग ऐका कसं बिघडलंय ते. एका बाजूचा आवाज महिनाभरात हळूहळू बारीक होत गेला असेल तर बहुतेक कानातला मळ जाळीत अडकलाय, रबर काढा, जाळी खाली धरा आणि कोरड्या टूथब्रशनं झटका, माझ्या बहिणीचा ‘गेलेला’ इअरफोन असाच परत आला. वायर हलवल्यावर आवाज येतो-जातो म्हणजे आतली तार तुटलीय. आणि गाणारा गायब, लांब विहिरीतनं आल्यासारखं नुसतं म्युझिक ऐकू येतंय असं झालं तर दोन्ही कानांची कॉमन तार सुटलीय किंवा पिन अर्धवट बसलीय. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं गाण्याचा कराओके ट्रॅकच डाउनलोड झालाय.

पिन बदलून मिळते का? मिळते, पण आतल्या केसासारख्या तारांवर लाल-हिरवं वार्निश असतं, ते जाळल्याशिवाय सोल्डर धरतच नाही, आणि घाईत केलेलं काम आठवड्यात सुटतं. महागाचा असेल तर चांगल्या हाताच्या माणसाकडं द्या, 200-300 वाला असेल तर नाद सोडा.

आता नवीन. माझ्यासारखा पिनेपाशी तुटत असेल तर दोनच गोष्टी बघा. एक, सरळ पिनेऐवजी एल आकाराची पिन, फोन खिशात असताना सगळा ताण वायरीच्या मानेवर येतो तो कमी होतो. दुसरी त्याहून भारी, वायर कानातल्या तुकड्यापासून काढून वेगळी करता येणारी. वायर तुटली तर फक्त वायर घ्यायची, कानातले तेच. फक्त घेताना जोड कुठला ते लिहून ठेवा, दोन काड्यांच्या जोडात पण 0.75 आणि 0.78 मिलिमीटर असे प्रकार येतात आणि गोल फिरणारा एमएमसीएक्स वेगळाच, चुकीची वायर आणली की ढिली तरी बसते नाहीतर घुसतच नाही. अशा इअरफोनची वायर बहुतेक कानावरनं मागं घ्यायची असते, त्यानं चालताना शर्टाला घासून येणारी खर्रखर्र पण कमी होते. सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, चष्मेवाल्यांना जरा जास्त.

घाम आणि पावसानं गेला असेल (आपल्याकडं जुलैत छत्री असून पण माणूस भिजतोच) तर डब्यावर आयपीएक्स4 किंवा वरचा आकडा बघा. 4 म्हणजे शिंतोडे चालतील, नळाखाली धरून धुवायचं लायसन नव्हे. आणि वायरलेसचा असेल तर तो आकडा बऱ्याच वेळा फक्त कानातल्या तुकड्याचा असतो, चार्जिंगच्या डबीचा नाही, ओले तसेच डबीत टाकू नका.

फोनला गोल भोक नसेल तर जरा थांबा. टाइप-सीवाले इअरफोन दिसायला सगळे सारखे, पण काहींच्या पिनेत स्वतःचा छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप) असतो आणि काहींच्यात नसतो, बिनडॅकवाले बऱ्याच फोनवर मुके राहतात. कन्व्हर्टरचं पण तसंच. डबा वाचण्यापेक्षा दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा, दुकानदाराच्या फोनवर चाललं याला काही अर्थ नाही.

डब्यावरचं ‘एक्स्ट्रा बास’ आणि 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ हे वाचून काही कळत नाही, शंभराच्या डब्यावर पण तेच छापलेलं असतं. ओमचा आकडा (इअरफोन विजेला किती अडवतो तो) 16 ते 32 असला की फोनवर नीट वाजतो, एवढंच. खरी मेख आहे रबरात. कानात रबर घट्ट बसलं नाही की बास गळून जातो आणि आपण म्हणतो इअरफोन फालतू. परीक्षा सोपी आहे, गाणं चालू ठेवून बोटानं कानातला तुकडा हळूच आत दाबा, दाबल्यावर ढोलकीचा घुमारा एकदम वाढला तर तुमचं रबर लहान पडतंय. मोठं लावून बघा. आणि दोन्ही कानांची भोकं सारखी असतात असं काही नाही, माझ्या डाव्याला मोठं आणि उजव्याला मधलं लागतं, हे कळायला मला वयाची तिशी उलटली. रबरानं कान दुखत असेल तर फोमचं मिळतं, ते चिमटीत दाबून घालायचं, आत गेल्यावर फुगतं, पण लवकर मळतं आणि काही महिन्यांनी बदलावं लागतं.

महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत, कुठंही घ्या, दुकानदार हमखास डीजेचं गाणं फुल्ल आवाजात लावून देतो. त्यात सगळेच भारी वाटतात. आपलं रोजचं, पाठ झालेलं गाणं लावा, आवाज निम्म्यावर ठेवा आणि शब्द कळतात का, टाळ-झांज कानाला टोचते का ते बघा. मग घरी फोन लावून माइक ऐकवा. मोठ्या कंपनीचं नाव आणि निम्मी किंमत दिसली तर ती फर्स्ट कॉपी, मी एकदा फसलोय, डब्यावरच्या इंग्रजीत स्पेलिंग चुकलेलं होतं तरी घेतलं. बिल घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का असू दे.

वायरलेसबद्दल थोडक्यात, बस-ट्रेनमध्ये सोयीचं आहे, पण त्यातली इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ती बदलून मिळणं अवघड. एक हरवला तर सुटा मिळतो का हे आधीच विचारा. गेम खेळणार असाल तर आवाज चित्राच्या मागनं, उशिरा येतो, हा उशीर कमी करणारा लो-लेटन्सी मोड बघून घ्या. आणि गाडीवर दोन्ही कानांत घालून दसरा चौकातनं जाऊ नका राव, मागनं एसटी येत असते.

मी शेवटी निघणाऱ्या वायरीचा, एल पिनेचा घेतला, हजाराच्या आत बसला. जुन्या तिन्हींची रबरं काढून चहाच्या डबीत ठेवलीत, त्यातलं डाव्या कानाचं मोठं रबर नव्याला बरोब्बर बसलं.