ब्लीच केलेल्या केसांवर सेमी-परमनंटवरून परमनंट डायवर जायचंय? आधी हे वाचा

निळा झाला, गुलाबी झाला, आता काही धुण्यांत उतरणारा सेमी-परमनंट रंग सारखा सारखा लावायचा कंटाळा आलाय आणि एकदाचा परमनंट ब्राऊन लावून मोकळं व्हावं असं वाटतंय, तर जरा थांबा. डब्यावर जो फोटो असतो ना तो ब्लीच केलेल्या केसांचा नसतो.

मी स्वतः उतरत आलेल्या निळ्यावर थेट अ‍ॅश ब्राऊन (राखाडी झाक असलेला ब्राऊन) लावला होता आणि केस शेवाळी हिरवे झाले, खूप रडले होते तेव्हा. नंतर कारण कळलं. ब्लीचने केसातला मूळचा लाल-केशरी रंग निघून जातो, खाली उरतो फक्त पिवळा, आणि अ‍ॅश शेडमध्ये बहुतेक वेळा निळा किंवा हिरवा टोन असतो, म्हणजे पिवळ्यावर निळा पडला की हिरवट झाक येणारच, त्यात माझ्या केसात जुना निळा पण होताच.

म्हणून आधी जुना सेमी जितका निघेल तितका काढा. क्लॅरिफायिंग शॅम्पूने (खोलवर साफ करणाऱ्या शॅम्पूने) तीन-चार वेळा धुवा, मध्ये कंडिशनर लावत जा. निळा आणि हिरवा सगळ्यात चिवट असतात, गुलाबी-केशरी थोडा राहिला तरी ब्राऊनखाली चालून जातो. एक लक्षात ठेवा, परमनंट डायने आधी लावलेला रंग फिका होत नाही, त्यामुळे गडद जांभळ्यावर लाईट ब्राऊन लावून काही होणार नाही.

मग केस ओले करून एक बट हलकेच ताणून बघा. रबरासारखी ताणली जाऊन परत जागेवर येत नसेल किंवा तुटत असेल तर काही आठवडे डायचा विचारच सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच टाळतात, ते म्हणजे फिलर. जो केशरी-लाल ब्लीचने गेला तो आधी परत भरायचा. लाईट ब्राऊन हवा असेल तर गोल्डन-कॉपर, डार्क हवा असेल तर लालसर कॉपर, सेमी किंवा डेमी-परमनंट (सेमीपेक्षा जास्त टिकणारा, पण परमनंट नसलेला) कुठलाही चालेल, पाकिटावर लिहिलेला वेळ ठेवा, धुवा, केस वाळवा आणि त्यावर परमनंट. मधल्या वेळात आरशात केस केशरी दिसतील, घाबरू नका, तसेच दिसायला हवेत. हे न करता लावलेला ब्राऊन एकतर मातकट दिसतो नाहीतर थोड्याच दिवसात उतरून जातो.

शेड हवी त्यापेक्षा एक नंबर फिकी घ्या, कारण ब्लीच केलेले केस रंग पटकन शोषतात आणि जास्त गडद होतात. अ‍ॅश नको, नॅचरल किंवा वॉर्म घ्या. डायची ट्यूब आणि डेव्हलपर (त्यात मिसळायचं पेरॉक्साईड) वेगवेगळे मिळतात ते बघा, म्हणजे लांबीसाठी १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्के पेरॉक्साईड, वापरता येतो. तुम्हाला केस उजळायचे नाहीत, मग २० किंवा ३० कशाला? नव्याने आलेल्या मुळांचा रंग वेगळा असेल तर तिथे वेगळं मिश्रण लागेल. टोकं सगळ्यात शेवटी रंगवा, ती सगळ्यात जास्त रंग ओढतात. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या, धातूचं नको.

पॅच टेस्ट, म्हणजे थोडा डाय त्वचेवर लावून बघणं, ४८ तास आधी कराच. सेमीची कधीच अ‍ॅलर्जी आली नाही म्हणून याचीही येणार नाही असं नसतं, बऱ्याच परमनंट डायमध्ये पीपीडी नावाचं अ‍ॅलर्जी करू शकणारं रसायन असतं जे साध्या सेमीमध्ये बहुतेक नसतं. खाज, लाली, सूज आली तर लावू नका, आणि काळ्या मेंदीच्या टॅटूने कधी त्वचा भाजल्यासारखी झाली असेल तर या डायच्या वाटेला जाऊच नका, प्लीज. त्याच ४८ तासात आतल्या एका बटेवर फिलर आणि डाय दोन्ही लावून बघा, खरी शेड तिथेच कळते.

उरलेलं मिश्रण टाकून द्या. झाकण घट्ट लावून ठेवलं तर आत गॅस साठून बाटली फुटू शकते.