टेक्ससमध्ये संगीत शिकायला येताय? मग डेंटनचं प्रकरण माहीत असू द्या

डॅलसच्या उत्तरेला डेंटन. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससचं संगीत महाविद्यालय जॅझसाठी नावाजलेलं. १९४७ पासून तिथे जॅझची पदवी मिळते. थिअरीच्या वर्गात बसणार असाल, तर तिथलं एक भांडण कधी ना कधी कानावर येईलच.

२०१९ साली न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधले कृष्णवर्णीय प्राध्यापक फिलिप युएल संगीत-थिअरीच्या एका परिषदेत म्हणाले, की शेंकर या व्हिएन्नातल्या संगीतपंडिताचे वंशवादी विचार त्याच्या विश्लेषणपद्धतीतही मुरलेले आहेत. त्यांनी थिअरीच्या सात पाठ्यपुस्तकांतली उदाहरणंही मोजली: २,९३० पैकी गौरेतर संगीतकारांची अवघी ४९. डेंटनहून निघणाऱ्या शेंकर-अभ्यासाच्या नियतकालिकाने २०२० मध्ये यावर लेख छापले, पण खुद्द युएलना लिहायला बोलावलं नाही. तिथलेच प्राध्यापक टिमथी जॅक्सन यांनी आपल्या लेखात कृष्णवर्णीयांमधल्या ज्यूद्वेषाचा विषय काढला (शेंकर स्वतः ज्यू). मग काय, विद्यार्थ्यांचं निवेदन, विद्यापीठाची चौकशी, नियतकालिक जॅक्सनच्या हातातून गेलं. जॅक्सन २०२१ मध्ये कोर्टात गेले; २०२५ मध्ये तडजोड झाली.

माझ्या मते युएलचे आकडे झटकून टाकण्यासारखे नाहीत, जॅक्सनचा लेख मला पटला नाही, आणि तरी लेखासाठी माणसाला खुर्चीवरून उठवणं चूकच. दोन्ही बाजूंचे लोक मला यावरून नावं ठेवतात.

आता तुमच्या कामाचं. विद्यापीठ सरकारी की खासगी, हे आधी बघा. अमेरिकी घटनेतलं भाषणस्वातंत्र्य सरकारला बांधतं; डेंटनचं विद्यापीठ सरकारी, म्हणून जॅक्सनना कोर्टात तो आधार मिळाला. खासगी विद्यापीठात त्यांचे स्वतःचे नियम चालतात. टेक्ससने २०२३ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशनाची कार्यालयं बंद केली, पण वर्गातलं शिकवणं आणि संशोधन त्यातून वगळलंय. त्यामुळे वर्गात ‘यमन या पुस्तकात का नाही?’ असं खुशाल विचारा.

सह्यांच्या निवेदनाचं मात्र सांभाळून. लिंक व्हॉट्सॲपवर येते, वर लिहिलेलं असतं ‘आज रात्रीपर्यंत’. मूळ लेख वाचल्याशिवाय नाव घालू नका. ती यादी वर्षानुवर्षं नेटवर राहते. शिवाय जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगतात. पटलं तर जरूर सही करा, पण आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात अर्धा तास बसून विचारून घ्या. तिथे पैसे पडत नाहीत.