घरातली झाडं आणि मांजर-कुत्री: या चुका टाळा

मांजराने लिलीचं पान कुरतडलं, एकदा उलटी केली आणि मग गप झोपून राहिलं. ‘चला, बरं वाटतंय’ म्हणून निश्चिंत होणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिलीचं विष असंच फसवतं. उलट्या थांबतात, मांजर सावरल्यासारखं वाटतं, पण आत किडनीची हानी चालूच असते आणि १ ते ३ दिवसांत किडनी निकामी होते. लक्षणांची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठा. पहिल्या १८ तासांच्या आत उपचार आणि सलाईन सुरू झालं, तर मांजर वाचण्याची आशा बरीच असते.

लिली उंच कपाटावर ठेवूनही भागत नाही. परागकण अंगावर सांडतात, मांजर अंग चाटतं आणि ते पोटात जातात. फुलदाणीतलं पाणीही विषारीच. म्हणून मांजर असलेल्या घरात लिली आणूच नये, भेट आलेल्या गुच्छातूनही ती काढून टाकावी, असं माझं ठाम मत आहे. डेलिलीलाही हाच नियम. पीस लिलीची गोष्ट वेगळी. तिने मनी प्लांट, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरासारखी तोंडाची आग होते, लाळ गळते; त्रास खूप होतो, पण जिवावर सहसा बेतत नाही. तोंड पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा.

कुत्र्यांसाठी मोठा धोका सायकसचा, म्हणजेच सागो पामचा. त्याचा प्रत्येक भाग यकृतावर घाला घालतो, बिया तर सर्वांत घातक; एक-दोन बियाही जीव घेऊ शकतात. सगळे पाम सारखेच समजून हा घरात येतो. अरेका पाम मात्र सुरक्षित आहे. कण्हेर आणि अडेनियम थेट हृदयावर परिणाम करतात. कोरफड आपल्याला औषधी, म्हणून प्राण्यांनाही चालेल असं धरून चालू नका. त्यांना तिने उलट्या-जुलाब होतात.

आणि कृपा करून मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. जास्त मीठ स्वतःच विष ठरतं. घशात बोटं घालणंही नको. डॉक्टरांकडे निघताना झाडाची फांदी किंवा स्पष्ट फोटो सोबत घ्या. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे आधी सांगा.