बायोचार टाकूनही भाजी पिवळी का पडते? या चुका टाळा

बायोचार मिसळल्यावर काही आठवड्यांतच मिरची-टोमॅटोची खालची पानं फिकट पडली, वाढ खुंटली, तर पहिला संशय कोऱ्या बायोचारवर घ्या. बायोचार म्हणजे लाकूड, काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, खत नव्हे. त्याची छिद्रं रिकामी असली तर तो मातीतलंच नत्र धरून बसतो आणि रोप उपाशी राहतं.

म्हणून आधी तो ‘भरून’ घ्यावा लागतो. 1 घमेलं बायोचारला किमान 1 घमेलं पूर्ण कुजलेलं कंपोस्ट घ्या. ओलावा इतकाच की मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. गोणपाटाने झाकून 2 ते 4 आठवडे ठेवा, अधूनमधून वर-खाली करा. त्याहून सोपं म्हणजे कंपोस्टचा ढीग रचतानाच आकारमानाने 10 टक्के बायोचार घालणं. घाई करणाऱ्यांनी हा नाद सोडलेलाच बरा.

चूक होऊन गेली असेल तर बायोचार उकरत बसू नका, तो निघत नाही. पेंड भिजवून तिचं पातळ पाणी मुळांशी द्या. नवी पालवी हिरवी आली की समजा, गाडी रुळावर आली.

दुसरी चूक सामूची (pH), म्हणजे जमिनीच्या आम्ल-विम्लपणाची. बायोचार बहुधा विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट असतो, राख मिसळलेला तर जास्तच. चुनखडीच्या जमिनीत तो ओतला की लोह मिळेनासं होतं: कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. नत्राच्या कमतरतेत जुनी पानं आधी पिवळी पडतात. हा फरक पाहूनच उपाय करा.

कोळसा नीट जळला आहे का, हे बोटांनी कळतं. चांगला बायोचार चुरताना कुरकुरतो, हाताला लागलेला काळेपणा साध्या पाण्याने जातो. चिकट, धुरकट वासाचा असेल तर त्यात डांबरी अंश उरलेत. रंग दिलेल्या लाकडाचा तर घेऊच नका. चुरा 5 मिलिमीटरपर्यंतचा करा आणि फोडण्याआधी पाणी मारा. ही धूळ फुप्फुसांना वाईट.

कच्चं कंपोस्टही तितकंच घातक. ओलसर मूठभर कंपोस्ट पिशवीत 3 दिवस बंद ठेवा. उघडताच आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ते वाफ्यात नको.

सुरुवातीला चौरस मीटरला 1 किलो बायोचार पुरे, वरच्या 10-15 सेंटिमीटर मातीत मिसळून. शेजारचा एक वाफा नुसत्या कंपोस्टचा ठेवा. मुळात सुपीक जमीन असेल तर दोन्हींत फारसा फरक दिसणार नाही. हलक्या, आम्ल जमिनीत तो जास्त दिसतो.