पुस्तक अजून आलं नाही? तरी वेबसाइट अशी करा

लेखकाच्या वेबसाइटबद्दल जो सल्ला फिरत असतो तो बहुतेक दुकानदारांसाठी लिहिलेला असतो. ब्रँड उभा करा, रोज पोस्ट टाका, फॉलोअर वाढवा. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही, त्याच्याकडे विकायला आहे काय? त्याच्या साइटचं काम एकच. दिवाळी अंकाच्या संपादकाने किंवा प्रकाशकाने तुमची कथा वाचली, 'कोण हा?' म्हणून फोनवर नाव शोधलं, तर मिनिटाभरात तुमचं काहीतरी न अडखळता वाचायला मिळालं पाहिजे. आणि तो माणूस त्या वेळी बहुधा लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असतो. थीम (साइटचा तयार साचा), लोगो, सरकती चित्रं हे त्याला दिसतही नाही.

पत्ता आणि जागा

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावाचं घ्या. नाव-आडनाव, रोमन लिपीत, शेवटी डॉट इन किंवा डॉट कॉम. मनात ठरवलेल्या कथासंग्रहाच्या शीर्षकाचं घेऊ नका, प्रकाशक शीर्षकं बदलतात. नाव आधीच कुणी घेतलं असेल तर मधलं नाव घाला. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं आणि दिसतंही देखणं, पण सगळीकडे ते बिनतक्रार चालेलच असं नाही. हौस असेल तर जोडीला घ्या, मुख्य पत्ता म्हणून नको.

डोमेन कुणीही काढून दिलं तरी नोंदणी तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर हवी. भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो, आणि वर्षाचं नूतनीकरण चुकलं की पत्ता हातचा जातो.

जागेसाठी ब्लॉगर ही गूगलची सेवा घ्या आणि विषय संपवा. फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, सांभाळावं काही लागत नाही. वर्डप्रेस डॉट कॉम ही तशीच दुसरी सेवा, पण तिच्या फुकट योजनेत स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. वेगळं होस्टिंग (साइटसाठी भाड्याची जागा) घेऊन तिथे वर्डप्रेस टाकलंत तर पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून हुरळून जाऊ नका, नूतनीकरणाचा दर विचारा. शिवाय प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या जादा सोयी, अद्ययावत ठेवणं हे काम कायमचं मागे लागतं. ते निस्तरण्यात जाणारा वेळ लिहिण्यातून जातो.

सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडा. हे काम क्षणाचं आहे, पण त्याचा उपयोग पुढे आहे.

मजकूर युनिकोडमध्ये आणणं

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी पद्धत, सगळ्या फोन-संगणकांना कळणारी. तिच्यात मजकूर आणताना माणसं अडकतात. मीही याच पायरीवर पुष्कळ रात्री घालवल्या आहेत, म्हणून हे सविस्तर सांगतो. 'कन्व्हर्टरमध्ये टाका, झालं' (कन्व्हर्टर म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) असं जो सांगतो त्याने पानभर मजकूरही कधी नीट वाचून पाहिलेला नसतो.

तुमचं जुनं लेखन डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेलं असेल तर ते बहुधा श्रीलिपी, आकृती, आयएसएम किंवा कृतिदेव यांपैकी कशात तरी आहे. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो, फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चितारलेले असतात. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट आहे म्हणून कथा वाचता येते. तीच कथा साइटवर चिकटवली तर तुम्हाला ती छान दिसत राहील आणि बाकी जगाला रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. त्यामुळे 'माझ्याकडे तर बरोबर दिसतंय' याला काडीची किंमत देऊ नका. तपासायचं ते दुसऱ्याच्या फोनवर.

आधी मूळ वर्ड फाइल शोधा. मजकुरात क्लिक केलं की वर फॉन्टचं नाव दिसतं, तो फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी दिसतं. ते नाव मागच्या आकड्यासकट पूर्ण लिहून घ्या. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही (कुठल्या रोमन अक्षराच्या जागी कुठला तुकडा) वेगळी असू शकते, आणि कन्व्हर्टर चुकण्याचं निम्मं कारण चुकीची मांडणी निवडणं हेच असतं.

मग एकच पान करून बघा. अख्खी कादंबरी टाकू नका. त्या पानात मुद्दाम अवघड शब्द घाला: आर्थिक, निर्मिती, शुद्धी, ज्ञानेश्वर, दुसऱ्या, कऱ्हाड. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा 'र' आधी. ही अदलाबदल कन्व्हर्टरला करावी लागते आणि 'आर्थिक'सारख्या शब्दात दोन्ही एकदम आली की तो गडबडतो. वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, नाहीतर ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटीच लोंबकळते. मजकुरात मूळचे इंग्रजी शब्द असतील तर त्यांच्यावर आधीच खुणा करून ठेवा. कन्व्हर्टर त्यांनाही जुन्या फॉन्टची अक्षरं समजतो आणि त्यांची अगम्य देवनागरी करून ठेवतो.

पान बरं आलं तर बाकीचं करा. पण साफसफाई राहतेच. तिच्यातल्या सगळ्यात लबाड चुका डोळ्यांना दिसत नाहीत. खरं 'आ' हे एक अक्षर आहे. कन्व्हर्टर कधी 'अ' टाकतो आणि पुढे वेगळा काना जोडतो. पडद्यावर दोन्ही सारखीच. ओळखायची युक्ती सोपी आहे: 'आई'मधल्या 'आ'च्या पुढे कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदा दाबा. पूर्ण 'आ' गेलं तर ठीक. नुसता काना जाऊन 'अ' उरला तर ते खोटं 'आ'. अशी 'आई' शोधात सापडत नाही, आणि कुठल्या फोनवर ती कशी फुटेल याचा नेम नाही. 'ओ', 'औ' यांची तीच गत. 'ो'च्या जागी काना आणि मात्रा सुट्या पडलेल्या असतात, तेही तपासा. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून जुन्या मजकुरात 'अ'वर वेगळा चंद्र असतो. या सगळ्या जोड्या 'शोधा आणि बदला'ने एकगठ्ठा बदलता येतात. फाइलची प्रत ठेवून खुशाल करा.

एक जोडी मात्र एकगठ्ठा बदलायची नाही. कन्व्हर्टर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करतो, आणि माणूस वैतागून सगळीकडे रफाराच्या 'र्य'च्या जागी 'ऱ्य' बदलून मोकळा होतो. मग 'आचार्यांना नमस्कार केला' याचं 'आचाऱ्यांना नमस्कार केला' होतं. मठातला प्रसंग एकदम मुदपाकखान्यात. दर्या आणि दऱ्या यांचंही तेच. इथे प्रत्येक ठिकाण डोळ्यांखालून घालायचं, दुसरा इलाज नाही. नव्याने टाइप करताना 'ऱ' घ्या, त्याला हलन्त द्या, मग 'य' किंवा 'ह' (इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबून 'ऱ' मिळतो).

वर्ड फाइल हरवली आणि छापखान्याकडून आलेली पीडीएफच उरली असेल तर तिच्यातून मजकूर कॉपी करायच्या फंदात पडू नका. ती पीडीएफ थोडी थोडी पानं करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रावरून अक्षरं ओळखली जातात आणि थेट युनिकोड मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर हा मार्ग भल्याभल्या कन्व्हर्टरपेक्षा बरा. घ-ध, भ-म, ष-प यांच्यावर आणि अनुस्वारांवर नजर ठेवा. हस्तलिखित असेल तर फोनवर बोलून टाइप करा आणि विरामचिन्हं नंतर हाताने घालायची तयारी ठेवा.

शेवटी, साइटवर चिकटवताना मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका आणि तिथून उचला. थेट वर्डमधून उचललात तर जुन्या फॉन्टचं नाव आणि नको ती मापं लपून बरोबर येतात. आणि कथा मोठ्याने वाचून तपासा. स्पेलचेक 'आचारी' आणि 'आचार्य' दोघांनाही पास करतो.

दिसणं

एक साधी थीम, पांढरी पार्श्वभूमी. कथांसाठी तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मला सगळ्यात आवडतो. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. काही फॉन्टांत ती वळणं असतात, पण भाषा मराठी असल्याचं साइटने सांगितलं तरच बाहेर येतात. वर भाषा निवडायला सांगितली ती त्यासाठी. साधा, बिनटोकांचा फॉन्ट हवा तर मुक्ता.

अक्षर किमान १८ पिक्सेल, ओळींतलं अंतर अक्षराच्या पावणेदोन पट. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सोय थीममध्ये असेल तर ती बंद करा, ती शिरोरेषा तोडते. तिरपी अक्षरं नकोत. दोन्ही कडा सरळ करणंही नको, फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

काय ठेवायचं आणि काय नाही

पानं तीन पुरेत: लेखन, परिचय, संपर्क. परिचय शंभर शब्दांचा, तृतीय पुरुषात, नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडे लिहिलेलं. लोक दोन्हीत शोधतात. 'लहानपणापासून वाचनाची आवड' हे वाक्य काढून टाका. तुम्ही कुठले, पोटापाण्यासाठी काय करता, कशाबद्दल लिहिता, काही कुठे छापून आलं असेल तर अंक आणि वर्ष. काहीच छापून आलं नसेल तर त्याबद्दल गप्प बसा, माफी मागू नका. संपर्काला वेगळा ईमेल. मोबाइल नंबर देऊ नका.

लेखनाच्या पानावर मात्र विचार लागतो. मराठीत नव्या लेखकाची वाट १९०९ पासून, म्हणजे 'मनोरंजन'च्या पहिल्या दिवाळी अंकापासून, बऱ्याच अंशी दिवाळी अंकांतून जाते. हे अंक, तसंच कथास्पर्धा, साहित्य अप्रकाशित असल्याची अट घालतात आणि स्वतःच्या साइटवर टाकलेली कथा बहुतेक ठिकाणी प्रकाशितच धरली जाते. म्हणून पावसाळ्यात जी कथा पाठवायची आहे ती साइटवर चढवू नका. 'लिंक काढून टाकली की झालं' हा सल्लाही ऐकू नका. ती कथा कुणी ना कुणी फॉरवर्ड केलेली असतेच.

साइटवर ठेवा आधी छापून आलेल्या कथा, अंक बाजारातून गेल्यावर आणि संपादकाला विचारून. हक्क तुम्ही लेखी दिलेले नसतील तर ते तुमचेच असतात, पण विचारण्यात काही जात नाही. छापून आलेलं काही नसेल तर एक पुरी कथा अंकांना न पाठवता साइटवर टाका. हातातली सगळ्यात चांगली नव्हे, तिच्या खालची. कादंबरी असेल तर पहिल्या प्रकरणाची दहाएक पानं. एवढंच. अठ्ठावीस कविता, बारा चारोळ्या आणि एक पाककृती असलेल्या साइटवर संपादक काय वाचणार?

चोरीची भीती सगळ्यांना असते. राइट-क्लिक बंद करणारी कुलुपं लावू नका. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला ती अडवत नाहीत, वाचणाऱ्याला छळतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्याक्षणी हक्क तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हाच कायदा उलटही लागतो: आवडत्या कवीची अख्खी कविता 'साभार' म्हणून टाकणं बंद करा.

ब्लॉग

ब्लॉगवर कथा नाही टाकायच्या. तिथे तुम्हाला जे ठाऊक आहे आणि इतर लेखकांना नाही, ते लिहा. बँकेत कॅशियर होतात तर नोटाबंदीतल्या काउंटरबद्दल, गुऱ्हाळ असेल तर काहिलीतला रस उतरवायची वेळ कशी ओळखतात त्याबद्दल. असा लेख माहिती शोधणाऱ्याला सापडतो आणि तिथून तो कथेकडे वळतो. 'मी लिहितो तेव्हा' छापाचं चिंतन पहिल्या पुस्तकानंतर करा. महिन्याला एक लेख पुष्कळ झाला. तेवढंही जमणार नसेल तर ब्लॉग नकोच, नुसती तीन पानं ठेवा. 'नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा', तीही तीन वर्षांपूर्वीच्या, ही ज्या साइटवरची शेवटची पोस्ट असते, तिचा मालक लिहितो की नाही याचीच शंका येते.

प्रत्येक पोस्टची लिंक प्रसिद्ध करण्याआधी हाताने रोमनमध्ये लिहा, दोन-तीन शब्दांत. मराठी शीर्षकावरून ब्लॉगर लिंकमध्ये नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि आकडा टाकतो. वर्डप्रेस देवनागरी ठेवतो, पण कॉपी करताना प्रत्येक अक्षराची, प्रत्येक मात्रेची टक्केवारीच्या खुणांसकट नऊ चिन्हं होतात आणि व्हॉट्सॲपवर आगगाडीएवढी लिंक जाते. प्रसिद्ध केल्यावर लिंक बदलू नका, ब्लॉगरवर आधी पाठवलेल्या सगळ्या मरतात.

मग ती लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. चित्र आणि शीर्षक नीट येतंय का बघा, घरातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइड फोनवर उघडा, कथा शेवटपर्यंत सरकवा. कुठे ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर परत मजकुराकडे जा. नाही दिसलं तर संपादकाला पाठवायच्या पत्रात सहीखाली पत्ता टाका. पत्रात 'माझ्या साइटला अवश्य भेट द्या' असं वेगळं लिहायची गरज नाही.